कौल मिळेपर्यंत

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात नवीन माणूस आला की पहिले काही दिवस तो कोणाशी बोलत नाही. मग कधीतरी भांडी घासताना हळूच शेजारी येऊन विचारतो, "घरचे परत कधी घेतात हो?" दारू कधी सुटते हे फारसं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. घरच्यांबद्दलच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून माझं काय झालं ते लिहितो आहे. ह्यात उपदेश नाही. उपदेश मी आयुष्यात भरपूर ऐकला, आणि त्यातला बराचसा पिऊनच ऐकला.

खांब

माझं नाव सत्यवान. गावात सत्या. आचऱ्याच्या अंगाला आमचं गाव. शाळेचं मैदान म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, खरवडून काढलेला तुकडा, त्यामुळे आमचे गुडघे बारमाही तांबडे असायचे. माझा थोरला भाऊ विलासदादा शाळेच्या खो-खोच्या संघात होता, त्यानेच मला संघात आणलं. मी खांबावर सूर मारायचो. पळणारा खांबाला वळसा घालतो, सुटलो असं वाटून जरा सैलावतो, तेवढ्यात आपण एका हातानं खांब धरून आडवं हवेत झोकून द्यायचं आणि त्याला शिवायचं. जिल्ह्याकडून खेळलो, राज्याकडून खेळलो. आये एकदाच सामना बघायला आली. पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होती आणि घरी आल्यावर सगळ्या वाडीला आपल्या मुलाबद्दल सांगत सुटली, "माझो झील पाखरासारखो उडता."

खेळाच्या कोट्यातून कोल्हापूरला नोकरी लागली. मग खांदा निखळला. बसवला, पुन्हा निखळला. दुखण्यावर गोळ्या घ्यायचो, गोळ्या पुरेनात तेव्हा दारू घ्यायला लागलो. पुढं दुखणं कमी झालं तरी औषध चालूच राहिलं. माझा खेळ संपला तेव्हा कोणी शिट्टी वाजवली नाही, त्यामुळे मला बराच काळ कळलंच नाही. ठरलेलं लग्न मोडलं, मागोमाग नोकरी गेली. मी घरी आलो आणि घरात राहून प्यायला लागलो.

उंबरा

बाबा गेले. दहाव्याला व्हाळाच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. व्हाळ म्हणजे आमच्या गावाच्या वेशीवरचा ओढा. सगळे हात जोडून उभे. ज्याला जे सुचेल ते तो बाबांना कबूल करत होता, झाडं लावतो, देवळाचं काम करतो. मी सकाळपासून प्यायलेला. मी कावळ्याला शिव्या घालायला लागलो. मोठमोठ्यानं. कावळे उडून गेले ते गेलेच.

दादा ओल्या पंच्यात घरी आला आणि दारातच मला अडवून म्हणाला, "सत्या, ह्या घराचो उंबरो आता ओलांडू नको. शुद्धीत येशीत तेव्हा बघूया."

आये दाराच्या आत उभी होती. ती काही बोलली नाही. ते अजून बोचतं. तिनं काय बोलायला हवं होतं ते मात्र मला आजही सांगता येणार नाही.

दादाच्या त्या दोन वाक्यांतलं पहिलंच मी बरोबर घेऊन गेलो. दुसरं मला कित्येक वर्षं ऐकूच आलं नाही.

बाहेर

मालवणात मासळी बाजाराच्या पत्र्याखाली झोपलो, एसटी स्टँडवर झोपलो. तारकर्लीला वाळूत उपड्या घातलेल्या होड्या असतात, त्यांच्या आडोशाला बरेच दिवस काढले. मग दोडामार्गावरून गोव्यात गेलो आणि हॉटेलांच्या मोऱ्यांत भांडी घासली. जिथं काम तिथं पाठ टेकायची, काम गेलं की पाठही गेली. लोकांना वाटतं की ज्याला घर नाही त्याला पलंग, पंखा, गरम जेवण आठवत असेल. मला आडणा आठवायचा.

आमच्या पुढच्या दाराला आतून एक लाकडी आडणा आहे, दार बंद करून आडवा घालायचा दांडा. सागवानी, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. दिवेलागण झाली, जेवणं झाली की आये तो हातात घेऊन विचारायची, "सगळे इले मां?" कोणीतरी हो, सगळे आले म्हणायचं. मग तो भिंतीतल्या भोकात सरकवल्याचा आवाज यायचा, जाड आणि जरा कण्हल्यासारखा. लहानपणी त्या आवाजानंतर मला झोप लागायची. होडीखाली पडल्यावर मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करायचो. समुद्राच्या गाजेत तो काही केल्या सापडत नसे. मग मी प्यायचो. प्यायचं कारण हे नव्हतं, हे मला आता कळतं. पण तेव्हा तेच वाटायचं.

खो-खोत आपण चौकात बसलेलो असतो आणि पाठीवर हात पडल्याशिवाय उठायचं नसतं. हात कधी पडेल ते आपल्याला माहीत नसतं. मी त्या वर्षांत तसा बसून होतो. माझ्या पाठीशी कोणी नाही हे मला दिसत नव्हतं, कारण वळून बघायची माझी छातीच नव्हती.

सोबत कोण?

एक दिवस मोरीत रक्ताची उलटी झाली. हॉटेलच्या मालकानं रिक्षात घालून दवाखान्यात सोडलं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, रक्त काढलं आणि दुपारी सांगितलं, "लिव्हर खराब होत चाललंय. आणि हे व्यसन म्हणजे नुसती वाईट सवय नाही, हा आजार आहे. तो बरा करता येतो."

मला आतापर्यंत दारुडा, बेवडा, वाया गेलेला, सगळं म्हणून झालं होतं. आजारी कोणी म्हटलं नव्हतं. आजाऱ्याला घरी नेतात, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मग त्यांनी विचारलं, "सोबत कोण आहे?"

मी म्हटलं, "येतील."

ते म्हणाले, "एकाएकी बंद करू नका. ॲडमिट व्हा. आमच्या देखरेखीखाली बंद करू."

मी मान हलवली, लघवीला जातो म्हणून उठलो आणि मागच्या फाटकातून बाहेर पडलो. मी ठरवूनच टाकलं होतं. आजपासून थेंब घ्यायचा नाही, घरी जायचं, शुद्धीत उंबऱ्यासमोर उभं राहायचं. दादानं तेच सांगितलं होतं ना? ते दुसरं वाक्य मला त्या दिवशी ऐकू आलं.

हे वाचणाऱ्यानं एवढं ऐकावं. जुनी दारू एकट्यानं एकदम तोडू नका. डॉक्टर अगदी बरोबर सांगत होते. मी मरता मरता राहिलो, आणि तेही माझ्या शहाणपणानं नव्हे.

रिकामा गाव

दुसऱ्या दिवशी एसटीतून सड्यावरच्या फाट्याला उतरलो. हात थरथरत होते, थंडीतही घाम येत होता. गावाच्या नाक्यावर मला या अवस्थेत कोणी बघू नये म्हणून सड्यावरची जुनी पायवाट धरली. लहानपणी पळायचा सराव मी त्याच वाटेनं करायचो.

गावात उतरलो तर कोणी नाही. पहिल्या घराला कडी. दुसऱ्या घराला कडी. एकाही घरातून धूर नाही. कोंबडं नाही, कुत्रं भुंकलं नाही. गोठे उघडे आणि आत गुरं नाहीत. उन्हात नुसती घरं उभी. मी हाका मारल्या, माझाच आवाज मला परका वाटला. देवळासमोर चिटपाखरू नाही. गावाच्या टोकाला जिथं चोरून दारू मिळायची ती खोपसुद्धा बंद होती. तेव्हा मात्र मी खरा घाबरलो.

गोव्यात एकानं सांगितलं होतं की दारू तोडली की नसलेलं दिसायला लागतं. त्याला भिंतीवर साप दिसले होते. मला वाटलं, माझं तेच सुरू झालं. पण मला नसलेलं दिसत नव्हतं, असलेलं दिसेनासं झालं होतं. अख्खं गाव पुसलं गेलं होतं.

आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आलो. दाराला बाहेरून कडी. तुळशीपुढं वाळलेली फुलं. मी हाका मारल्या, "आये." कोणी ओ दिली नाही. कडी काढली असती तर निघाली असती, पण मी उंबऱ्याला हात लावला नाही. दादानं सांगितलं होतं. पायरीवर बसलो आणि रडलो. माझी खात्री झाली की सगळे मला सोडून गेले, एकजात सगळे, मी येतोय हे कळल्यावर.

विहिरीवर पाणी प्यायला गेलो तर रहाटाला दोर नव्हता. कळशीही नव्हती. दोर काढून कोण नेतं? चोर नेईल, नाहीतर जे घरदार घेऊन राहायला जातात ते नेतील. आणि तिथं उभ्याउभ्या मला आठवलं. मी लहान असताना आम्हीसुद्धा विहिरीचा दोर काढून नेला होता. गावपळण.

आमच्याकडच्या काही गावांत हे असतं. काही वर्षांनी एकदा देव सांगतो आणि सगळा गाव, गुरंढोरं, कुत्री-मांजरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री शेतात खोपी घालून राहतो. गावात माणूस उरत नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन कौल घेतात, देवानं होकार दिला की सगळे घरी परततात. मी इतकी वर्षं बाहेर होतो की गाव बाहेर जातो हेच विसरलो होतो.

मला हसू आलं. मी घरी यायला निघालो तो नेमका सगळे घर सोडून गेले असताना. मग हसू मावळलं. देवाच्या गावात ह्या वेळी एकच माणूस होता आणि तो मी होतो.

व्हाळ

खोपी कुठं असणार ते ठाऊक होतं, व्हाळाच्या पलीकडच्या मळ्यात. कसाबसा तिकडे निघालो. झाडांमधून धूर दिसला, माणसांचा गलका ऐकू आला.  अलीकडच्या काठावर, गावाच्या बाजूला, मी कोसळलो.

पलीकडे बायका भांडी घासत होत्या. रिकाम्या गावातून दाढी वाढलेला, लटपटणारा माणूस बाहेर पडताना त्यांना दिसला. त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

"गो बाये, ता काय येता?"

"तो सत्यो नाय मां?"

"सत्यो तर मेलो म्हणी होते."

सगळे काठावर जमले. मी त्यांना बघत होतो, हात उचलत होतो. मधे गुडघाभर पाणी. पण कोणी पाण्यात पाय घालेना. एक म्हातारा मानकरी म्हणाला, "जाव नको कोणी. देव गावात फिरता." कोणी वाईट नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गेलो नसतो.

मग गर्दीतून आये पुढं आली. ती इतकी लहान झाली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून मला बघितलं आणि म्हणाली, "मेलो नाय तो. माझो झील आसा." तिच्या मागं दादा उभा होता. तो मला बघत होता आणि हलत नव्हता.

आये त्याच्याकडे वळली. "विलास, जा. देवाक काय सांगूचा ता मी सांगतंय."

ज्या माणसानं मला घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, तो चपला काढून व्हाळात उतरला. मला त्याचे पाय दिसले, मग काही दिसेनासं झालं. मी पालथा पडलो होतो. पाठीवर हात पडला आणि सवयीनं मी उठायला बघितलं.

"रव. उठा नको. धर माका," दादा म्हणाला. एवढंच आठवतं.

अर्धा कप

जिल्ह्याच्या दवाखान्यातले पहिले दिवस माझे नाहीत, ते दादाचे आहेत. मला फिट आली, मी नर्सला लाथा मारल्या, कॉटच्या पट्टीला हात मऊ फडक्यानं बांधले होते, हे सगळं त्यानं सांगितलेलं. तो खाली जमिनीवर चटई टाकून झोपायचा. आमचं बोलणं जवळजवळ नव्हतंच. मी जागा झालो की तो उठून पाणी द्यायचा आणि खिडकीकडे बघायचा.

वॉर्डमध्ये फिलोमिना सिस्टर होत्या, वेंगुर्ल्याकडच्या, माहेर गोव्यातलं. हात बांधणं थांबल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी मला कपात अर्धाच चहा दिला. मला वाटलं, दारुड्याला एवढाच. त्या म्हणाल्या, "अर्धोच देतंय. सांडलंस तरी अर्धोच सांडतलो. मगे दुसरो अर्धो." हात थरथरत होते तोपर्यंत रोज दोनदा अर्धा अर्धा चहा मिळाला आणि मला कोणासमोर सांडावं लागलं नाही. माझ्यावर पुष्कळांनी दया केली, पण अशी कोणी केली नव्हती.

एका दुपारी दादाला फोन आला. बोलून झाल्यावर त्यानं फोन खिशात ठेवला.

"देवान कौल दिल्यान नाय," तो म्हणाला. "गाव आजून भायर आसा."

"माझ्यामुळां?"

"लोक तसाच म्हणतत. आपण दोघा आत गेलंव म्हणान."

"तू काय म्हणतंस?"

"मी म्हणतंय, एक दिस जास्त भायर रवलो तर गाव मरूचो नाय."

दुसऱ्या दिवशी देवाला लावलेली उजवी कळी पडली, म्हणजे देवाचा होकार मिळाला, आणि गाव घरी गेला. दादानं मला ते सांगितलं तेव्हा मी लहान मुलासारखं विचारलं, "आणि मी?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुझो कौल देव देवचो नाय. तो माका देवचो लागतलो. आणि मी आजून देणंय नाय."

मला राग आला नाही. माझ्याशी खरं बोललेलं मी फार दिवसांनी ऐकत होतो.

पायरी

दवाखान्यातून केंद्रात. पहाटे उठणं, झाडलोट, प्रार्थना, पेज, गोलात बसून बोलणं, भांडी, पुन्हा बोलणं. मी केंद्रात खूप भांडलो. पहिल्यांदा घरी जायची सुट्टी मिळाली तेव्हा घरापर्यंत पोचलोच नाही, वाटेतच बारमध्ये शिरलो. हे लिहायला नको वाटत होतं, पण नाही लिहिलं तर बाकीच्यालाही काही अर्थ नाही. दादा केंद्रात आला, ऑफिसबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. मी शिव्यांची वाट बघत होतो. तो म्हणाला, "बरा. परत पयल्यापासून." आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेला.

त्यानंतर सुट्टीला गेलो की खळ्यात बसायचो. वहिनी पायरीवर पाट मांडायची आणि माझं ताट तिथंच यायचं. एकदा वाढताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "भावजी, माका तुमचो राग नाय. माका भय वाटता. घरात चेडू मोठा होता." चेडू म्हणजे तिची वाढत्या वयाची मुलगी, माझी पुतणी, दारामागून बघत होती. मी नुसतं हो म्हटलं. त्या भीतीवर मला वाद घालता आला नसता. माझ्याबद्दल मलाही तीच भीती वाटत होती, अजून वाटते.

झोपायला पडवीत. तिथं घोंगडीवर पडलं की दिवेलागणीनंतर आतून आयेचा आवाज यायचा, "सगळे इले मां?" आतून दादा हो म्हणायचा. मग आडणा. इतकी वर्षं मी जो आवाज आठवत होतो, तो आता मला रोज हातभर अंतरावरून ऐकू यायचा. दाराच्या चुकीच्या बाजूला. होडीखाली असताना मला घर इतकं हवंसं वाटलं नव्हतं, जितकं त्या पडवीत वाटायचं. जिभेला दारू हवी असते ते मी ओळखतो, ते येतं आणि जातं. हे जात नव्हतं.

ह्या वर्षी भात कापायला मी आलो होतो. खांदा साथ देत नाही, पण भारे उचलले, झोडलं. दादानं कौतुक वगैरे काही केलं नाही. संध्याकाळी आंघोळ करून मी पडवीत घोंगडी अंथरली. आतली जेवणं आटोपल्याचे आवाज आले. मग दादाचा आवाज आला.

"सत्या, आडणा घाल."

मला वाटलं, तो चुकून बोलला. म्हटलं, "मी भायर आसंय."

 मग दादा वैतागून म्हणाला, "भायरसून आडणा घालूक येता काय रे? आत ये आणि घाल."

मी उठलो. उंबऱ्यापाशी पाय अडखळला. इतक्या वर्षांची सवय. मग ओलांडला. आत आये भिंतीला टेकून बसली होती, वहिनी ताटं उचलत होती. आडणा दारामागच्या कोपऱ्यात, नेहमीच्याच जागी. हातात घेतला तर मला आठवत होता त्यापेक्षा हलका लागला.

आयेनं विचारलं, "सगळे इले मां?"

मी दार लावण्याआधी वाकून बाहेर बघितलं. खळ्यात चांदणं होतं. पायरीवर कोणी बसलेलं नव्हतं.

"होय गो आये," मी म्हटलं, "सगळे इले."